चारुलतानं न्हाऊ घातलेली बाळं

जयपूरच्या सोडाला भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या चारुलताची आणि माझी ओळख न्हाणीघरात झाली. माझी मुलगी स्वप्नाली तेव्हा नुकती जन्मली होती. आम्ही नागपूरहून बदलीनं जयपूरला आलेले, माझी आई अंथरुणाला खिळलेली, सासूबाईंना राजस्थानची थंडी मानवत नव्हती, आणि ओल्या बाळाला हातात धरायची मला भीती वाटायची. शेजारची मराठी बाई म्हणून चारुलता डोकावली, माझी अवस्था बघितली आणि पदर खोचला. पाटावर बसून पाय लांब केले, पोरगी पोटऱ्यांवर पालथी घातली आणि असं तेल जिरवलं की पाण्याचा शेवटचा तांब्या पडायच्या आत ती कारटी घोरायला लागली. जाताना म्हणाली, "उद्या परत येतो गं." कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात, पुरुषासारखं. मला हसू आलं आणि रडूही आलं.

इथली मराठी माणसं म्हणजे बँकवाले, विमावाले आणि फौजेतले. सगळे बदलीवर आलेले, सगळ्यांच्या आया गावाकडे. त्यामुळे कुणाच्या घरी बाळ झालं की चारुलताला निरोप जायचा. झोटवाड्यापर्यंत रिक्षानं जायची ही बाई. न्हाऊ घालायची, ओव्याची धुरी द्यायची, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायची आणि दोन चमचे साखर घातलेला चहा पिऊन परत यायची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत स्टेजवर नाचणाऱ्या पोरांपैकी निम्मी तिच्या पायांवर न्हालेली असायची. तिला त्याचा गर्व होता, आणि मला तो आवडायचा. गर्व करण्यासारखं दुसरं काही तिच्या नवऱ्यानं तिच्या वाट्याला येऊ दिलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव राजन. विमा कंपनीत अधिकारी. आजार लपवून पॉलिसी काढणाऱ्यांचे दावे नामंजूर करण्यात त्याची हयात गेली. "खोटं बोलणारा माणूस मला कागदावरून कळतो," असं तो चारचौघांत सांगायचा. पुढचं समजायला एवढं लक्षात असू द्या.

चाळिशीनंतर चारुलताची बोटं सकाळी सुजायला लागली. मूठ वळेना, मनगट लाल व्हायचं. सगळ्यांनी मेथीचे लाडू सुचवले. मीही सुचवले. शेवटी एका शहाण्या डॉक्टरनं नाव सांगितलं, रुमेटॉइड आर्थ्रायटिस. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, असा तो संधिवात. आधी आठवड्याला घ्यायच्या गोळ्या, मग त्यांच्या जोडीला एक इंजेक्शन. ते फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी असायचं आणि ती स्वतःच पोटात टोचून घ्यायची. त्या इंजेक्शननं चमत्कारच केला. सूज उतरली, बोटं सरळ राहिली आणि बाई पुन्हा रिक्षानं बाळं न्हाऊ घालत फिरायला लागली. अशी काही वर्षं बरी गेली.

मग तिच्या एकुलत्या एक मुलीचं, अवनीचं लग्न ठरलं. मुलगा कॅप्टन रणजित, इथल्याच छावणीत, मूळचा साताऱ्याकडचा, आईवडील त्याच्याकडेच राहायचे. मुलांनी एकमेकांना पसंत केलं होतं, तरी त्याची आई इंदुबाई रीतीप्रमाणे घर बघायला आल्या. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "घरात काय आजारबिजार न्हाई न्हवं?" आणि जन्मभर खोटं पकडणारा राजन कपही खाली न ठेवता म्हणाला, "छे छे! आमच्याकडे सगळे ठणठणीत."

आता हे ठणठणीतपण निभावायला नको का? इंदुबाई दर रविवारी यायच्या आणि आल्या की थेट स्वयंपाकघरात. झाकणं उघडून बघायच्या, फ्रिज उघडून बघायच्या. सवयच तशी. मी म्हटलं, इंजेक्शन माझ्या फ्रिजमध्ये ठेव. तर अवनी आईला म्हणाली, "अमिताकाकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही." हे मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मग तिनंच उपाय सुचवला. "आई, लग्नापर्यंत इंजेक्शन बंदच ठेव ना. मतलब, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. आणि त्या गोळ्यांनी तुझे केस पण गळतात." चारुलतानं दोन्ही बंद केलं. डॉक्टरला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

थोडे दिवस कसले? रणजितची सुट्टी रद्द झाली, मुहूर्त पुढे गेला. मग त्याला कुठल्याशा सरावासाठी वाळवंटात पाठवलं, मुहूर्त आणखी पुढे गेला. इकडे चारुलताच्या दुखण्यानं पुन्हा उचल खाल्ली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला पवन चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडच्या गोळ्या द्यायचा. त्या ती चण्याफुटाण्यांसारख्या खायची. सूज दबायची, तोंड मात्र गोल गरगरीत झालं. इंदुबाई म्हणाल्या, "विहीणबाई लगनाच्या आनंदानं खुलल्या की!" राजन हसला. त्या क्षणी मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, हे मी अजिबात लपवत नाही.

लग्न थाटात झालं. फोटोत चारुलता छान दिसते. हात शालूच्या पदराखाली आहेत.

पाठवणी झाल्यावर तिनं फ्रिजमध्ये पुन्हा इंजेक्शन आणून ठेवलं आणि हुश्श केलं. पहिलं घेतलं, काही नाही. दुसरं घेतलं, काही नाही. तिला वाटलं, वेळ लागत असेल. पुढे पुढे बोटं वाकडी व्हायला लागली, तेव्हा मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि चष्मा काढला.

"बीच में बंद क्यों किया? किससे पूछकर?"

"लड़की की शादी थी, डॉक्टर साहब."

"शादी लड़की की थी. दवाई तो आपकी थी ना?"

मग त्यांनी समजावलं. औषध मध्ये सुटलं की कधी कधी शरीर त्याला परकं समजायला लागतं. पुन्हा दिलं की ते शत्रू आल्यासारखं त्याच्यावर तुटून पडतं. औषध तेच, सुई तीच, पण आता काम करत नाही. दुसरं औषध सुरू करू, ते लागू पडेल किंवा पडणार नाही. आणि जी बोटं वाकली ती वाकली. परत येताना रिक्षात चारुलता एकच वाक्य बोलली. "ते चांगलं होतं गं औषध." गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

त्यानंतरचे दिवस मी जवळून बघितले. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून ती बराच वेळ बसायची, तेव्हा कुठे ब्रश धरता यायचा. दाराची कडी कोपरानं, दुधाची पिशवी दातांनी. साडी सुटली, गाऊन आला. वेणी मी घालायची. राजन पोळ्या करायला शिकला नाही, विकत आणायला शिकला, आणि तेवढ्यावर तो स्वतःला मोठा सेवाभावी समजायला लागला. मंडळात बाळ जन्मलं की निरोप यायचा. ती म्हणायची, "जरा बरं नाही, पुढच्या वेळी येतो की." मग निरोप यायचे बंद झाले. तिच्यावाचून कुणाचं बाळ पारोसं राहिलं नाही. जगरहाटीच तशी आहे, पण हे तिला कळायला नको होतं.

अवनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. चारुलताचा चेहराच बदलला. नवं औषध सुरू होऊन काही महिने झाले होते, वेदना थोडी कमी होती. तिनं पिठाची पिशवी जुन्या सुती साडीत गुंडाळली आणि दुपारी ती कवेत धरून घरभर चालायला लागली. बोटांचा भरवसा नव्हता म्हणून तिनं कोपरांवर आणि छातीवर भार घ्यायची युक्ती शोधली. मी बघायला गेले की म्हणायची, "बघ, मान बरोबर धरली का?" पिठाच्या पिशवीची मान! मी म्हणायची, उत्तम. खरंच उत्तम धरायची ती. "जमिनीवर बसून न्हाऊ घालायला नाही जमायचं आता," ती म्हणायची, "पण घेता तर येईल. घेतो की मी."

डोहाळेजेवण इंदुबाईंनी छावणीतल्या क्वार्टरमध्ये केलं. लेकीची ओटी भरताना चारुलताच्या हातून नारळ निसटला आणि घरंगळत सोफ्याखाली गेला. इंदुबाईंनी विहिणीचे हात आपल्या हातात घेऊन नीट बघितले. मग सगळं बाहेर आलं. मीच सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ना!

इंदुबाई पाटावरच बसल्या. "आवं, माझ्या थोरल्या जावंला ह्योच आजार हाय. दहा वर्सं सुई घेती ती. आमास्नी सांगितलं असतं तर आमी काय लगीन मोडलं असतं व्हय?"

आता असं म्हणायला त्यांचं काय जात होतं? तेव्हा सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, देव जाणे. पण चारुलतानं ते खरं मानलं. म्हणजे हात फुकट गेले, हेही तिला मानावं लागलं. ती हसून म्हणाली, "चुकलंच आमचं." राजन बाहेरच्या खोलीत व्याह्यांशी महागाईवर बोलत होता.

दोन दिवसांनी अवनी आली. मी तिथंच होते, हललेही नाही. ती म्हणाली, "आई, मी डिलिव्हरीला तिकडेच राहते. तिथं मालिशवाली आहे, सासूबाई आहेत."

"अगं, पण पहिलं..."

"आई, तू पाडशील गं त्याला."

चारुलता आपल्या बोटांकडे बघत राहिली. मी बोलले. मी म्हटलं, हिचे हात कुणासाठी गेले, ठाऊक आहे ना तुला? अवनी माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "मी लग्नापर्यंत म्हटलं होतं. लग्न सारखं पुढे गेलं, त्यात माझी काय चूक? तुला कळायला नको, कधी सुरू करायचं ते?"

बरोबर होतं तिचं. कोर्टात जिंकली असती पोरगी. चारुलतानं मान हलवली, फ्रिजमधून बर्फी काढून लेकीपुढे ठेवली आणि म्हणाली, "बरं, तिकडंच राहा. मी येतो बारशाला." लेक गेल्यावर तिनं पिठाची पिशवी पुन्हा उचलली.

मुलगा झाला. बारशाला आम्ही दोघी रिक्षानं छावणीत गेलो. चारुलतानं कितीतरी महिन्यांनी साडी नेसली होती, मीच नेसवली. वाटेत ती म्हणत होती, पाळण्याखालून घ्यायला जमणार नाही, वाकता येत नाही. पण वरून कुणी दिलं तर घेईन. छातीशी धरलं की पडत नाही. "जमेल ना गं?" मी म्हटलं, जमेल. मला खात्री होती.

पाळणा फुलांनी सजवला होता. बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत बाळ एका हातातून दुसऱ्या हातात, कधी पाळण्यावरून, कधी खालून जायला लागलं. छावणीतल्या तरण्या बायका, मंडळातल्या ओळखीच्या, सगळ्यांनी घेतलं. त्यांतल्या तिघींची पोरं चारुलतानं न्हाऊ घातलेली होती. बाळ इंदुबाईंकडे आलं. त्या कचरल्या नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी बाळ चारुलतापुढे केलं आणि म्हणाल्या, "घ्या, विहीणबाई, गोपाळ घ्या."

चारुलतानं दोन्ही कोपरं वर उचलली. सराव केला होता तशी, बरोबर. आणि तिनं समोर बघितलं. अवनी खुर्चीतून अर्धवट उठली होती, दोन्ही हात पुढे, तोंड उघडं. बाळ अजून पडलंही नव्हतं आणि ती ते झेलायला उठली होती.

चारुलतानं हात खाली घेतले आणि पदरात गुंडाळले. मोठ्यानं हसत म्हणाली, "मला नको बाई, माझे हात गार आहेत. पुढे द्या." बाळ माझ्या हातात आलं आणि माझ्या हातून पुढे गेलं. अवनी पुन्हा खुर्चीवर टेकली.

परतताना मी रिक्षात तिला खूप बोलले. तुला जमत होतं, मी रोज बघितलंय, का नाही घेतलंस? ती म्हणाली, "माझ्या पोटची पोर इतकी भ्यालेली मी कधी बघितली नव्हती गं. माझ्यामुळं."

नातू आता रांगतो. चारुलताला तो ओळखतो, तिच्या गाऊनला धरून उभा राहतो आणि घे म्हणून हात वर करतो. ती राजनला हाक मारते.