तोंडापुढचा हात

आम्ही इकडे आखातात, अल नहदाला राहतो आणि ज्या दातांच्या क्लिनिकचं ऑफिस मी सांभाळते, तेही घरापासून दहा मिनिटांवर आहे. रजा, ड्यूट्या, पेशंटच्या तक्रारी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. रिसेप्शनवर एक भूतानची मुलगी होती, पंचविशीतली. आपल्या सिरियली बघून शिकलेलं तिचं हिंदी माझ्याहून चांगलं होतं. मी मूळची पुण्याची, तेव्हा माझं हिंदी कसं असेल ते सांगायला नको.

ती आली त्या आठवड्यात मी तिच्यापुढे थालीपिठाचा डबा धरला होता. तिने तोंडापुढे हात धरला, मान हलवली, हसली. मला वाटलं, लसणाचा वास सोसत नसेल. मी झाकण लावून टाकलं. पुढेही कधी काही दिलं की तोच हात, तेच हसू, आणि मी दुसऱ्या टेबलाकडे. आमच्याकडे एकदा विचारलं हेच पुष्कळ समजतात. नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायचं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं दाखवायचं. नवरा कोल्हापूरचा. त्याच्या घरी ताटावर आडवा हात धरला तर त्या हातावरच रस्सा पडतो. त्याला आमची रीत माणूसघाणी वाटते, मला त्याची रीत जुलमाची. लग्नाला पंधरा वर्षं झाली, वाद मिटलेला नाही.

त्याच सुमारास लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. एखादा छोटा डोंगराळ देश घ्यायचा आणि त्याचं वेगळेपण वर्गात सांगायचं. आयता भूतान हाताशी होता. एका शनिवारी ती क्लिनिकमध्ये येऊन रिसेप्शनमागे तासभर बसली आणि वहीत बरंच काही लिहून घेतलं. मी माझ्या कामात होते.

पुढे दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, नर्सने मला सांगितलं की त्या मुलीची आई फार आजारी आहे, तिकडच्या डॉक्टरांनी हात टेकलेत. मी तिला लगेच केबिनमध्ये बोलावलं. घरी जायचं आहे का, रजा देते, तिकिटाचंही बघते, असं सरळ विचारलं. तिने तोंडापुढे हात धरला.

"नहीं मॅडम, आप तकलीफ मत कीजिए."

डोळे लाल होते, ते मला दिसले. पण ती नको म्हणतेय तर नको. तिच्या घरचं तिला ठाऊक, आपण कशाला मध्ये नाक खुपसा, असं म्हणून मी विषय खलास केला आणि फाइल उघडली. ती दारापाशी जरा रेंगाळली. आणखी काही काम आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणून ती गेली.

मंगळवारी जेवताना लेकीची प्रेझेंटेशनची तालीम चालली होती. तिथल्या राजधानीत ट्रॅफिक सिग्नल नाही, मिरची तिथे मसाला नसून भाजी आहे, असं काय काय ती सांगत होती आणि मी वाढता वाढता ऐकत होते. मग ती म्हणाली, "इफ यू ऑफर देम एनीथिंग, दे कव्हर देअर माउथ अँड से नो. इट्स जस्ट पोलाइट. यू हॅव टु आस्क थ्री टाइम्स."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. नवरा म्हणाला, बघ, जगात शहाणे लोक आहेत म्हणायचे. त्याला शुक्रवारचं ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर तोही जेवायचा थांबला. मी उष्ट्या हातानेच फोन लावला. तिने उचलला नाही.

बुधवारी क्लिनिक उघडायच्या आधीच मी जाऊन बसले. ती आल्या आल्या दुसऱ्यांदा विचारलं. हात वर गेला. मी तिसऱ्यांदा विचारलं. हात हळूहळू खाली आला.

"जाऊँगी, मॅडम," ती म्हणाली. "मुझे लगा, यहाँ सब एक ही बार पूछते हैं।"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवार ते बुधवार, पाच दिवस ती माझ्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत रिसेप्शनवर हसतमुखाने फोन घेत होती. त्याच दुपारच्या विमानाने मी तिला काठमांडूला पाठवलं. तिथून पुढचं विमान, मग डोंगरातला दिवसभराचा रस्ता.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. आई गेली होती. ही पोचली तेव्हा आई शुद्धीवर होती, हिला ओळखलं, हिच्या हातून दोन घास खाल्ले. हे सांगताना तिचा आवाज बराच शांत होता.

"तीन दिन मिले, मॅडम. आपकी वजह से मिले।"

आठ मिळाले असते. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही, आणि तरी ती पुन्हा पुन्हा माझे आभार मानत होती.