लंकेवाल्याचा बांध

आबा रोज सकाळी चहाच्या आधी मोरी झाडायचे. ओली मोरी कोण झाडतं? पण आबा झाडायचे. कोरडा झाडू घेऊन उंबऱ्यापासून मोरीपर्यंत यायचे, आणि सुपलीत काहीच नसलं तरी ती दारामागच्या कुंडीत उपडी करून झटकायचे. आईला वाटायचं ही फौजेतली शिस्त आहे. मलाही तेच वाटायचं, मी तर शाळेत पोरींना फुशारकीनं सांगायचे की आमचे आबा मिल्ट्रीत होते, त्यांना कचरा चालत नाय.

कचरा नव्हताच तो. वाळू होती. म्हणजे आबांना ती वाळू दिसायची.

हे मला कळलं मागच्या वर्षी, माजी सैनिकांच्या दवाखान्यात. आबांचा उजवा कान बंद आहे, डावाही जायला लागला म्हणून मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले होते. डॉक्टर तरुण, लई शांत बोलणारे. कानाचं झाल्यावर त्यांनी सहज विचारलं की झोप कशी लागते, आणि आबा, जे घरात आमच्याशी चार वाक्यं बोलत नाहीत, ते एकदम सगळं सांगत सुटले. मोरीपाशी एक जण येऊन बसतो. आमच्या तुकडीतला आहे. पाठ इकडं असते. एक बूट काढून हातात धरतो, उपडा करतो, वाळू झटकतो. रोज येतो. रात्री नाही, उजेडात येतो.

मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मी त्याच मोरीपाशी रोज दात घासते.

डॉक्टरांनी विचारलं, हे कुठलं. आबा म्हणले, लंकेतलं, आपली फौज तिकडं गेली होती तेव्हाचं. डॉक्टरांनी आबांचं डिस्चार्ज बुक उघडलं. फौजेतून सुटताना शिपायाला मिळतं ते छोटं पुस्तक, त्यात तो कुठं कुठं होता ते सगळं लिहिलेलं असतं. त्यांनी दोनदा पानं उलटली आणि एकदम मऊ आवाजात म्हणले की बाबा, इथं तर त्या सगळ्या काळात तुम्ही पंजाबात आहात, परदेशात गेल्याचं कुठंच नाही. मग त्यांनी कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. मी वाचलं. भास होतात, असं लिहिलं होतं.

परतीच्या वाटेवर क्रांती चौकात सिग्नल लागला. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून आबा मोठ्यानं बोलतात, शेजारच्या रिक्षातली माणसं पण वळून बघायला लागली.

"कागदावर म्या तिथं नव्हतोच," आबा म्हणले. "मंग मला दिसतं ते कुणाचं?"

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि मला गाडी पुढं काढायचं सुचेनाच.

तर असं आहे. कुणाला वाटेल पदकाबिदकासाठी चाललंय. नाही. आबांना पदक नको होतं. ते तिथं होते हे कुणीतरी लिहून द्यावं, एवढंच हवं होतं. नाहीतर ते वेडे ठरत होते, आणि हे दुसरं कुणी नाही, ते स्वतःच स्वतःला विचारायला लागले होते.

मी औरंगपुऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांची नावं, जन्मतारखा, जातीचे दाखले दुरुस्त करते, त्यामुळं मला वाटलं ह्यात काय एवढं. त्याच दिवशी दुपारी मी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाइप करून पाठवून पण दिला. आईनं विचारलं जेवलीस का, मी म्हणलं एक ओळ दुरुस्त करायची आहे फक्त.

त्या एका ओळीची गोष्ट अशी होती की आबांची पलटण पंजाबातच राहिली होती. लंकेत गेलेल्या दुसऱ्या एका पलटणीला ड्रायव्हर कमी पडले म्हणून आबांना आणि अजून काही जणांना तात्पुरतं जोडून पाठवलं. पुस्तकात मात्र मूळ पलटणीचंच उतरलं. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं ते चांगल्या भाषेत होतं, पण मुद्दा एकच, पुरावा द्या. फोटो नाही. त्या दुसऱ्या पलटणीतला एकही माणूस आबांना आता ठाऊक नाही. ज्याच्याशी ओळख होती तो मोरीपाशी बसतो.

मी मग माजी सैनिकांच्या ऑफिसात जाऊन डोकं खाल्लं. तिथं एक रिटायर्ड सुभेदार बसतात. त्यांनी आबांना विचारलं की तिकडं काही लागलं होतं का. आबांनी सांगितलं, कान गेला, आणि काही दिवस सापडतच नव्हतो, लापता होतो. सुभेदार म्हणले, मग घरी तार गेलीच असणार, आणि तार गेली तर ती कुठून सुटली ह्याची नोंद वेगळ्या दप्तरात असते, ती पंजाबात नसणार. तार कुणी घेतली तेवढं शोधा.

आबा म्हणले, आमच्याकडं तार आलीच नव्हती. आजीला, पणजीला, कुणालाच ते लापता असल्याचं कळलं नव्हतं. मद्रासच्या दवाखान्यात पडल्यावर तिथल्या कारकुनानं पत्ता विचारला, आबांनी सासुरवाडीचा दिला, आणि तिकडं पत्र गेलं की दवाखान्यात आहे, बरा आहे. तेवढंच.

घरी येऊन मी डिस्चार्ज बुकातला पत्ता पहिल्यांदा नीट वाचला. सिल्लोडच्या पुढचं एक गाव लिहिलेलं. त्या गावात आमचं कुणीच नाही, कधीच नव्हतं. मी आबांना विचारलं, तर ते चक्क हसले.

आम्ही धनगर. तेव्हा पणजोबा मेंढ्या घेऊन फिरत, वर्षातले आठ महिने वाटेवर. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून, आणि मेंढ्या जिथं तिथं घर. आबा भरतीला गेले तेव्हा कळप त्या गावात एका मक्याच्या रानात बसला होता. साहेबानं विचारलं घर कुठं, तर आबांनी त्या रानाच्या मालकाचं घर सांगितलं. खोटं नव्हतं ते. त्या हप्त्याला घर तिथंच होतं. पुढं सुट्टीवर आले की आबा आठवडी बाजारात विचारत विचारत आपलं घर शोधायचे.

"मंग तार तिथं गेली असंल," आबा म्हणले आणि हसायचे थांबले.

रविवारी निघालो. फुलंब्रीला चहा, सिल्लोडला परत चहा. मी रस्ताभर बडबडत होते. गाव आलं तसा फाट्यावरच्या किराणा दुकानदाराला मी मालकाचं आडनाव सांगून विचारलं. तो म्हणला, लंकेवाल्याच्या बांधापासून डावीकडं वळा.

मला तर आनंदानं उडीच मारावीशी वाटली. लोकांना माहीत आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे, आबा लंकेत गेले होते. मी मागं वळून आबांना ओरडून सांगितलं. आबांनी माझा खांदा घट्ट धरला.

बांधावर लिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली गुडघ्याएवढा उभा दगड. शेंदूर फासलेला, पुढं फोडलेल्या नारळाच्या करवंट्या. तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी गाडी सरळ घरापुढं नेली.

मालक वारलेले. त्यांची बायको होती, आबांच्याच वयाची, आणि ट्रॅक्टर धुणारा तिचा पोरगा. त्या आजी पाणी घेऊन बाहेर आल्या. मी सांगितलं की हे माझे आजोबा, फौजेत होते, ह्यांच्या वडलांच्या मेंढ्या तुमच्या रानात बसायच्या.

आजींनी तांब्या आबांच्या हातात दिलाच नाही. खाली जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकल्या. बराच वेळ त्या आबांच्या पायांकडं बघत होत्या. मग म्हणल्या,

"इतकी वर्षं नारळ घेतले आमचे, आन आता येता व्हय?"

पोरगा हसला. आजी हसल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं ते असं. तार आली तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. मास्तरांकडून वाचून घेतली, लंकेत शिपाई लापता. सासूनं धनगरांची वाट बघितली, ते आले की सांगू. पण त्या साली पाऊस झाला नाही, रानात चारायला काही उरलं नाही, कळप दुसऱ्याच वाटेनं गेला आणि परत कधी तिकडं फिरकलाच नाही. वर्ष झालं. सासूला स्वस्थ बसवेना. तिचं म्हणणं, ज्याच्या नावापुढं आपल्या घराचा पत्ता, त्याचं आपणच करायचं. तिनं पाथरवटाकडून दगड घडवून घेतला, जिथं मेंढ्या बसायच्या तिथंच बसवला. तेव्हापासून पेरणीच्या आधी आणि पितरांच्या पंधरवड्यात नारळ फुटतो. आजी ते सांगताना एकदाही आबांच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. तार कुठंय विचारलं, तर ती सासूनं दगडाखाली पुरली होती, राखेच्या ऐवजी.

आम्ही सगळे बांधावर गेलो. आजींनी ओल्या फडक्यानं दगड पुसला. शेंदराच्या पुटाखाली माणूस होता. खांद्याला बंदूक, आणि पायाखाली आडव्या वळणावळणाच्या रेषा. मला वाटलं साप आहेत. आजी म्हणल्या, पाणी हाय ते, समुंदर, सासूनं मुद्दाम करायला लावलं, लांब गेला होता ना.

म्हणजे बघा, आबा समुद्रापार गेले होते हे एवढ्या मोठ्या देशात फक्त एका दगडावर लिहिलं होतं. मी धडाधड फोटो काढायला लागले. झूम करून पायापाशी आले आणि थांबले.

माणसाच्या एकाच पायात बूट होता. दुसरा पाय उघडा, बोटं पण कोरलेली.

मी आबांकडं बघितलं. त्यांनी माझ्या आधीच बघितलं होतं.

पोरगा म्हणला, ट्रॅक्टर लागून कपचा उडाला असेल. आजी म्हणल्या, नाय, पहिल्यापासून तसाच हाय, सासू भांडली होती त्या पाथरवटाशी. दोघांचं त्यावरून जरा वाजलं पण. आबा मात्र दगडासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी हात लावला, कपाळाला नाही, त्या उघड्या पायाला.

बसल्या बसल्या आबा पहिल्यांदा पुढचं बोलले. खाडीच्या काठानं गाडीचा रस्ता बघत पायी चालले होते. जोडीदार म्हणला, बुटात वाळू गेली, तू हो पुढं. आबा पुढं झाले. माडाच्या झाडापर्यंतच गेले असतील. मग मागं आवाज झाला, आणि त्यानंतर आवाज असा नाहीच.

"ह्यो म्या नाय," आबा म्हणले. "ह्यो तो हाय."

लिंबावर एक कावळा होता तेवढाच. मला भर उन्हात इतकी भीती वाटत होती की मी स्कूटीची किल्ली मुठीत गच्च धरून उभी होते.

थोड्या वेळानं पोरानं विचारलं, तसं चुकीचं काही नव्हतं त्याचं, की आता माणूस जित्ता आहे म्हणल्यावर दगड काढायचा का. खालची तार पण मिळेल, तुमचं काम होईल, आणि ट्रॅक्टर वळवायला जागा होईल. मी हो म्हणणारच होते. पुरावा हवा होता ना आम्हाला.

आबा उठले. "राहू द्या," म्हणले. "त्याचं घर लई लांब हाय."

आजींनी तेव्हा पहिल्यांदा आबांच्या तोंडाकडं नीट बघितलं. घरी जाऊन त्यांनी तांब्या परत भरला आणि ह्या वेळी आबांच्या हातात दिला.

तारेच्या जागी आजीच आल्या. सिल्लोडला तहसीलमध्ये त्यांचं शपथपत्र केलं, मी तिथंच बसून लॅपटॉपवर टाइप केलं आणि त्या बोलत गेल्या. तार आली होती, लंकेहून आली होती, शिपाई लापता होता. सही करायच्या आधी त्यांनी मला परत वाचून दाखवायला लावलं, मेला असं कुठं लिहिलं नाहीस ना, म्हणून. दगडाचा फोटोही जोडला, पण पायाचा नाही, वरचा. पायाचा फोटो मी अजून उघडलेला नाही.

सुभेदारांचं खरं निघालं. शपथपत्रातल्या तारेवरून त्यांनी दप्तर शोधलं, लापता शिपायांत आबांचा नंबर सापडला आणि त्याच्या खालचा नंबर जोडीदाराचा. दिवाळीनंतर डिस्चार्ज बुक परत आलं. श्रीलंका असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, शिक्का मारलेला. मी वाचून दाखवलं. आबांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, दोनदा, आणि चष्मा काढून ठेवला.

मी घाई करून विचारलंच, आता बंद झालं का दिसायचं. आबा म्हणले, बंद कशाला व्हईल, तो होताच की तिथं. हे इतकं साधं सांगितलं त्यांनी, जसं शेजारी कोण राहतं ते सांगावं. मग त्यांनी पत्र्याच्या पेटीतून आपला जुना फौजी बूट काढला, एकच, आणि मोरीच्या कडेला भिंतीला टेकवून ठेवला. आईनं आधी कुरकुर केली, आता ती त्याच्या बाजूनं पाणी ओतते.

आबांनी झाडू मात्र सोडला. सकाळी ते चहा घेऊन दारात बसतात, पाठ मोरीकडं, कान बंद, निवांत.

आता मी झाडते. कुणी सांगितलं नाही मला. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत झाडते, आणि सुपली कुंडीत उपडी करायच्या आधी एकदा उजेडात धरून बघते.