फवारणीच्या पंपाची बोट

रिमोटवर चालणारी बोट बनवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, त्याला आमचा फवारणीचा जुना पंप कारणीभूत. त्याची बॅटरी कधीच मेली होती, पण टाकी आणि आतली छोटी मोटर धडधाकट. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या आराखड्यात बाल्सा नावाचं हलकं लाकूड सांगितलं होतं. शेळगावात ते कुठून आणायचं? मी टाकी उभी कापून तिचीच बोट केली, आत पांगाऱ्याची फळी बसवली आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून पंखा कापला. रिमोट बारामतीच्या भंगारात मिळाला, चाकं नसलेल्या एका खेळण्यातल्या गाडीसोबत. राहिली बॅटरी. ती मी नव्या पंपातून काढली. बायकोला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती.

शेततळ्यात बोट अशी काही झोकात निघाली की काठावर मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. बरोबर मधोमध गेल्यावर पंखा निसटून बुडाला. मोटर गुरगुरत होती, बोट मात्र ढिम्म. दोर फेकला, पोचेना. तळ्यात उतरायची सोय नाही. प्लास्टिकच्या कागदावरून आत घसरता येतं, वर येता येत नाही.

तेवढ्यात बायको आली. टोमॅटोवर करपा दिसायला लागला होता आणि तिनं फवारायचं औषध कालवून ठेवलं होतं. ते उद्याला चालत नाही. बॅटरी कुठं गेली हे मला सांगावं लागलं नाही, ती बोटीकडेच बघत होती. मला इतकी लाज वाटली की तळ्यात उतरायला मी चपला काढल्या.

"खुळं झाला का तुमी? गप हुभं ऱ्हावा तितं."

तिनं मोबाइल काढून विहिरीवरच्या मोटरीच्या, सिमकार्ड घातलेल्या स्टार्टरला फोन लावला; रिंग गेली की मोटर सुरू होते. पलीकडच्या काठावरच्या पाइपातून पाण्याचा लोट तळ्यात कोसळला, लाटा उठल्या आणि बोट डुलत डुलत आमच्या काठाला आली. महिनाभर आराखडे वाचणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. मी लांब दांड्याच्या दाताळ्यानं बोट ओढून घेतली.

बॅटरी पुसून तिनं पंपात बसवली आणि थेट फवारायला गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी नवा पंखा कापला आणि या खेपेला दोन नट आवळले.

उन्हं कलताना फवारणी उरकून ती तळ्यावर आली. पंपातली बॅटरी तिनं स्वतःच काढली आणि बोटीत ठेवली.

"थोडी शिल्लक हाय," ती म्हणाली. "रिमोट द्या हिकडं."