आमच्या घरचे म्हणून बांधावर उभे राहणारे धोंडूकाका

गेल्या पुनवेपासून मला धड झोप न्हाय. पुनवेच्या उधाणात आमच्या घरामागचा खाडीचा बांध फुटला. कसाबसा बुजवलाय, पण अजून पाझरतोय, आणि अमावस्येला पुन्हा उधाण येणार. पोर माझं अजून रांगतंय. अशात अलिबागचे मास्तर सांगून गेले, धोंडूकाका साठ वर्षांचे झाले, त्यांच्यावर पुस्तक काढतोय, तुम्ही पण लिवा. मी चौथी शिकलेली. जमंल तसं लिहिते.

काकांची पहिली ओळख झाली ती मी तळा गावाहून लग्न होऊन आले त्या साली. स्वराज्य आलं तेव्हापासून काका बांधाबाहेरच्या चिखलात गावाकडून कांदळाची, म्हणजे खारफुटीची झाडं लावून घेतायत. लाटेचा मार झाडं खातात, मग बांध टिकतो. मजुरी कुणालाच न्हाय. ओहोटी लागली की घरटी एक माणूस उतरतो. आमच्याकडून मी उतरले. कांदळाच्या लांब लांब शेंगा हातात दिल्या. मला ठाऊक फक्त भाताची लावणी. मी आपली चार-चार शेंगा एकत्र धरून जवळजवळ रोवत निघाले. बाया हसून चिखलात बसायच्या बाकी. "तळ्याची सून खाडीत भात पिकवते गो!"

काका चिखल तुडवत आले. "हसता काय? रांग बघा किती सरळ हाय तिची," म्हणाले. मग मला हळूच म्हणाले, "पोरी, एकेक लाव. ह्यांना पाय पसरून बसायला लागतं."

आता तिथं दाट झाडी हाय. बगळे घरटी करतात, जिताडा माशाची पिल्लं मुळांत दडतात. भट्टीवाला जाळायला लाकूड मागायला येतो. काका कधी चिडत न्हायत. "बगळ्यांची पिल्लं उडू देत, मग बघू," म्हणतात. मागं तो वैतागून बोलला, "काका, तुमची पिल्लं उडायची तरी कधी?"

"एक उडालं की दुसरं बसतंय, मी काय करू?"

बिचारा चहा पिऊन गेला.

बांध फुटला तरी घरटी एक माणूस लागतो. आमचे हे गलबतावर, पावसाळ्यापर्यंत घरी नसतात. मी पोर टाकून कशी उतरू? काका न सांगता आमच्या घरचे म्हणून उभे राहतात. पुनवेलाही राहिले, छातीभर पाण्यात. त्यांचा थोरला ओरडला, "बाबा, आपल्या घरचा मी हाय ना, तुम्ही वर या!" काका म्हणाले, "मी आज तुझ्या घरचा न्हायच. मी हिच्या घरचा."

तेव्हापासून काकांना ताप हाय, खोकला थांबत न्हाय. डॉक्टरांनी पाण्यात पाय घालू नका म्हणून बजावलंय. काल मी पेज घेऊन गेले तर म्हणतात, "अमावस्येला येतो गो, घाबरू नको." त्याचीच तर मला भीती. पाण्याची वाटते त्याहून जास्ती.

काकांना देवानं खूप आयुष्य द्यावं, छाती मोकळी व्हावी, अजून पुष्कळ वर्षं त्यांनी कोरड्या जागी बसून आम्हाला चिखलात कामाला लावावं. पण ते सांगून ऐकणार न्हायत. आमच्या घरचा माणूस आधीच उभा दिसला, तरच थांबतील. माझा भाऊ मुंबईला गोदीत हाय. आमच्या गावात फोन न्हाय. हा कागद अलिबागला जे कोण पहिलं वाचतील त्यांनी छापायचं मागाहून बघा. नंबर कागद आणणाऱ्याजवळ दिलाय. आधी माझ्या भावाला फोन करा, अमावस्येच्या आत ये म्हणावं.