तिळाचं तेल

त्या दिवशी दुपारी आबांनी शेगडीतला निखारा बोटांनी उचलला, चिलमीवर ठेवला आणि बोलत राहिले. चिमटा शेजारी पडला होता.

जीनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारातले सगळे हसले. दारावरचा जमादार म्हणाला, "हात हैं के चिमटा हैं, आबा?" आबाही हसले. मी हसलो नाही. त्यांच्या बोटावर फोड उठत होता आणि त्यांना ते कळलेलं नव्हतं. मला त्याचा अर्थ ठाऊक होता. दोनच महिन्यांपूर्वी मी एक पुस्तिका वाचली होती.

तुमच्यापैकी कुणी जालन्याच्या जीनमध्ये हंगामात कापसाच्या गाड्या लागलेल्या पाहिल्या असतील, तर असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. अंगात काळं जाकीट, डोक्याला मळका पटका. तेच आबा, जीनचे कापूस-पारखी. गाडीत खांद्यापर्यंत हात घालून तळातला कापूस ते मूठभर बाहेर काढत. वरच्या कापसाकडे बघतही नसत. तो दाखवण्यापुरता असतो, असं त्यांचं मत. मग दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून तो ओढायचा, जोडायचा, परत ओढायचा. शेवटी उरलेले चार धागे छातीशी, काळ्या जाकिटावर ठेवून लांबी बघायची. ओढताना डोळे मिटलेले. एखादा शेतकरी वैतागून म्हणे, "आबा, डोळे उघडून तर बघा की!" त्यावर ठरलेलं उत्तर, "डोळे फसवतेत रं. बोट न्हाई फसवत." जीनचे मालक शेठजी त्यांच्या शब्दावर गाडी घेत आणि त्यांच्या शब्दावर परत पाठवत.

ही खोड जीनपुरती नव्हती. रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या धोतराचा सोगा चिमटीत धरूनच ते ख्यालीखुशाली विचारत. एकदा कीर्तनकारबुवा आशीर्वाद द्यायला वाकले, तर आबांनी त्यांचं उपरणं चाचपलं. "बुवा, फसवलं तुमाला. धागा आखूड हाय ह्याचा." बुवांनी आशीर्वादही मग आखूडच दिला, असं आबा सांगत आणि स्वतःच हसत.

आम्ही मूळचे आष्टीचे. मी सात वर्षांचा असताना वडील वारले. चुलत्यांशी पटेना म्हणून आई मला आणि कडेवरच्या गोदीला घेऊन जालन्याला आली. मस्तगड मोहल्ल्यात एक खोली मिळाली. आई गोधड्या शिवायची. आबांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मला सरकारी शाळेत हाताला धरून नेलं ते त्यांनीच. निजामाचं राज्य, म्हणून शाळेत सगळं उर्दूत. घरी मराठी बोलायचं आणि हिशेब, भूगोल, कविता सारं उर्दूत शिकायचं. मी ओट्यावर वाचत बसलो की आबा आईला दटावत, "वैनी, ह्याला कामं सांगू नका बरं. पोरगं वाचून राह्यलंय." मी काय वाचतोय हे त्यांनी कधी विचारलं नाही. वाचणं हेच त्यांना मोठं वाटे. शाळा संपली तेव्हा शेठजींकडे शब्द टाकून त्यांनीच मला जीनमध्ये कारकून लावलं. आणि गोदी लग्नाची झाली तेव्हा, न हुंडा न मानपान, तिला आपल्या मुलासाठी मागितलं.

मिळेल तो कागद वाचायचा ही माझी खोड. ती पुस्तिका दवाखान्यात फुकट वाटत होते. उर्दूत होती, महारोगावर होती. तिच्यात लिहिलं होतं की आधी बोटं बधिर होतात, चटका बसला तरी कळत नाही. तेव्हाच माणूस आला तर एका औषधी तेलाच्या सुया टोचून रोग आवरता येतो. उशीर झाला तर बोटं वळतात, ती परत सरळ होत नाहीत.

निखारा उचलला तो पौष होता. लग्न वैशाखात धरलं होतं.

तेव्हा महारोग हा शब्द उच्चारला की घर संपे. त्या घराशी सोयरीक ठरलेली मुलगीसुद्धा संपे. बापाविना वाढलेल्या गोदीला दुसरं स्थळ कुठून आणणार होतो? मी ठरवलं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, लग्न होऊ दे, मग आबांना बाजूला घेऊन सांगू. ज्या घरात मी बहिणीला पाठवतोय तिथं काय आहे, हे तिला विचारायला हवं, असं माझ्या मनातही आलं नाही. खोटं कशाला सांगू? आलं होतं. मी ते दाबलं.

चैत्रात आबांची आई वारली. लग्न एक वर्ष पुढे गेलं. माझं सांगणंही तेवढंच पुढे गेलं.

त्या वर्षी आबांनी कापूस बघायची नवी तऱ्हा काढली. धागे ओढून झाले की ते ओठांवरून फिरवत. डोळे मिटून, सावकाश. लोकांना वाटलं, म्हातारा आता फारच पोचलाय. दुसऱ्या जीनचे दोन पारखी मुद्दाम येऊन बघून गेले आणि तसंच करू लागले. त्यातल्या एकाच्या मिशा झुपकेदार होत्या. त्यांत रुई अडकून बसे आणि गाडीवाले त्याला "काय पाटील, पिकलात का?" म्हणून छळत. सगळं आवार हसत असे. आबा ओठांनी का बघतात हे त्यांच्याखेरीज मलाच ठाऊक होतं.

लग्नाला आठ दिवस उरले होते. मांडवाच्या मेढी रोवून आबा आमच्या ओट्यावर येऊन टेकले. आत बायका हळद दळत होत्या. "गोदे, हळू हास गं! सासरा भाईर बसलाय," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्याच फिदीफिदी हसल्या.

"तुला एक इचारू?" आबा म्हणाले. "तू शिकलेला हायस."

"विचारा की."

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "ह्या दोन बोटांला काईच कळंना झालंय. वाळला कापूस काय अन् ओला काय, एकच. परवा म्या ओली गाडी वाळली म्हणून घेतली. शेठ नुसता बघत राह्यला. काय असंल रं?"

आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा एकच प्रश्न. ज्यासाठी त्यांनी मला शाळेत नेलं होतं, तो क्षण हाच असावा.

मी म्हणालो, "थंडीनं होतं, आबा. तिळाचं तेल कोमट करून चोळा."

समोर वैशाखाचं ऊन होतं. आमच्या दोघांच्याही कपाळावरून घाम गळत होता. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बराबर. थंडीच असंल. औंदा लई पडल्ती."

लग्न झालं. दुसऱ्या दिवसापासून आबा सकाळी ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट करून सांगत, "ह्यो आपला डाक्टर. ह्याचंच औषध चालू हाय." महिनाभरानं मला म्हणाले, "फरक हाय बरं का." फरक नव्हता. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

मी म्हटलं होतं, लग्न झाल्यावर सांगू. मग म्हटलं, गोदी नवी आहे, जरा रुळू दे. मग तिला दिवस गेले. न सांगायला मला प्रत्येक वेळी चांगलंच कारण मिळालं.

पुढच्या दिवाळीत त्यांची करंगळी वळली, संक्रांतीला तिच्याशेजारचं बोट. शेठजींच्या ध्यानात आलं. त्यांनी आवाज न चढवता आबांना घरी बसायला सांगितलं. गल्लीला कळलं. आबांच्या ओट्यावर बसणारी माणसं दुसऱ्या ओट्यावर बसू लागली. जमादार तेवढा घरी आला, हात पुढे करून म्हणाला, "मैं हँसा था आबा, माफ करो." आबांनी हात मागे घेतला आणि लांबूनच सलाम केला.

दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेलो. डॉक्टरसाहेबांनी बोटं उलटीसुलटी करून पाहिली. "दो साल पहले क्यों नहीं लाए?"

"कळलं न्हाई साहेब. अडाणी मानूस. तेल चोळून राह्यलो हुतो."

"तेल? तेल किसने बोला?"

मी शेजारी उभा होतो. हातभर अंतरावर.

"कुणी न्हाई," आबा म्हणाले. "म्याच. मनानंच लावलं."

डॉक्टरसाहेब काहीतरी लिहू लागले. मी जाणून गप्प बसलो हे त्यांना कळलं होतं, की माझ्या विद्येची चारचौघांत लाज जाऊ नये म्हणून ते बोलले, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. एवढं खरं की त्या खोलीत बोलायची पाळी माझी होती, आणि तीही त्यांनी आपल्यावर घेतली.

त्यांना निजामाबादेकडच्या महारोग्यांच्या दवाखान्यात ठेवलं. मी एकदाच गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. रेल्वेत वाक्यं जुळवत होतो. आबा झाडाखाली बसले होते. हातांना पट्ट्या होत्या. त्यांनी गोदीचं विचारलं, नातवाचं विचारलं, आणि मग, "कापूस कसा हाय औंदा?" मी खिशातून थोडा आणला होता. त्यांना तो धरता येईना म्हणून मीच त्यांच्या ओठांना लावला. डोळे मिटून ते बराच वेळ बसले. म्हणाले, "चांगला हाय. भोकरदनकडचा दिसतो." तो परतूरचा होता. मी म्हणालो, "बराबर ओळखलंत."

त्यानंतर माझी वाक्यं माझ्याजवळच राहिली. गाडीची वेळ झाली, तेव्हा ते म्हणाले, "तू येत जा रं. हितं कुणी वाचणारं न्हाई."

मी गेलो नाही. अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामाचं राज्य घ्यायला हिंदुस्थानच्या फौजा आल्या. गाड्या बंद झाल्या, टपाल अडलं. दसऱ्यानंतर एक पोस्टकार्ड आलं, उर्दूत. घरात उर्दू वाचणारा मी एकटाच, म्हणून ते माझ्या हातात दिलं. आबा जाऊन महिना झाला होता. मी वाचून दाखवलं. गोदी सर्वांत मोठ्यानं रडली. त्या घरात बापाची माया तिला त्यांच्याकडूनच मिळाली होती.

गोदीला तीन मुलं झाली. त्यांच्या लहानपणी मी एक खेळ काढला होता. डोळे मिटायचे, मी कापसाचा धागा हातापायांवर टेकवणार, कुठे टेकला ते सांगायचं. पुस्तिकेत तपासणी तशीच सांगितली होती. मुलं खिदळत. गोदी म्हणे, "दादा, किती लाड करतोस रे पोरांचे!" प्रत्येक वेळी मुलांनी बरोबर जागा सांगितली. मी दर महिन्याला खेळ मांडला, मुलं मोठी होऊन लाजायला लागेपर्यंत.

जीनमध्ये मी हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी माझ्या वाचनाची स्तुती झाली. आई गेली, मेहुणे गेले. मी हे दाबून ठेवलं ते आबांच्या धाकानं नव्हे; त्यांनी मला कधी धाक दाखवलाच नाही. जो दोष आहे तो माझा आहे.

गोदी भिंतीपलीकडे राहते. तिला वाचता येत नाही. हे मी लिहून काढलं त्याला आठ दिवस झाले, आणि तिला अजून वाचून दाखवलेलं नाही.