पन्नास टक्के इमारत

सासरे पुण्याहून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या सॉफ्टवेअर कंपनीतली माझी प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, संपत आली होती. या काळात कंपनी कारण न देताही घरी बसवू शकते. नवऱ्याची पीएचडी अजून चालू, त्यामुळे घर माझ्या पगारावर आणि आमचा इथला मुक्कामही माझ्या नोकरीवर.

न्युरेम्बर्गजवळच्या एका कारखान्याची इमारत, यंत्रं, गाड्या, या सगळ्यांचा घसारा एक्सेलमधून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा होता. त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. शीटच्या एका रकान्यावर जर्मनमध्ये नुसतं ‘घसारा’ लिहिलेलं, खाली आकडे. लेथ मशीनला दहा, इमारतीला पन्नास. सासऱ्यांचा सगळा जन्म ऑडिटमध्ये गेलेला. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. दिवसभर बाल्कनीतून पार्किंग बघत बसणाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं?

“अगं, घसाऱ्यापुढचा आकडा म्हणजे दर. टक्के. दुसरं काय असणार?”

“अहो बाबा, इमारतीला पन्नास टक्के?”

“देत असेल त्यांचं सरकार सवलत. एक ओळ चढवून बघ.”

लेथची ओळ चढवली. उत्तर जुन्या हिशेबाशी सेंटपर्यंत जुळलं. मग काय, मी अख्खी शीट चढवली आणि त्यांनी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरूनच व्हिडिओ मीटिंग, माझे साहेबही होते. कारखान्याच्या अकाउंटंट बाईंनी स्क्रीन दाखवली. “आल्झो... तर, मी आत्ता ज्या इमारतीत बसलेय, तिची किंमत एक युरो झालीय.”

घसारा संपला की हिशेबात नावापुरता एक युरो उरतो. इथे तो आकडा वर्षांचा असतो. पन्नास वर्षं टिकणारी इमारत मी दोन वर्षांत संपवली होती. दहा टक्के म्हटलं काय नि दहा वर्षं म्हटलं काय, उत्तर एकच येतं. त्या मेल्या लेथने आम्हाला चक्क बनवलं होतं.

साहेब मात्र शांत होते. “इम्पोर्ट पुसा, दुरुस्त करा, दुपारी परत चढवा. होतं असं.” माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात खांद्यावर हात आला. मागे सोफ्यावर पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांना जर्मन कळत नव्हतं, पण माझा पडलेला चेहरा आणि स्क्रीनवरचा तो एक युरो दिसला होता. स्वेटर नीट करून ते कॅमेऱ्यासमोर वाकले आणि इंग्रजीत म्हणाले, “सर, चूक माझी आहे. टक्के मी सांगितले. तिने मला सगळं दाखवलं होतं. तिला काही बोलू नका.”

अकाउंटंट बाईंनी चष्मा काढला. साहेबांनी जर्मनमध्ये विचारलं, “हे कोण? ग्राहकाचा डेटा यांनी पाहिला?”

इथे चूक माफ होते. बाहेरच्या माणसाला डेटा दाखवलेला माफ होत नाही.

“याऽ,” मी जर्मनमध्ये म्हणाले. हो.

“दुपारी ऑफिसला या. लॅपटॉप जमा करायला घेऊन या.”

स्क्रीन काळी झाली.

सासरे मोकळे झाले होते. “काय म्हणाले साहेब? वाचली ना गं नोकरी?”

“हो, बाबा,” मी म्हणाले आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली.