पायवाटेवरची तार

कळंबजवळ जमीन घेतल्यावर मी चोरांच्या भीतीने गावाची जुनी पायवाट काटेरी तारेने बंद केली. शहरात काही आक्रीत घडलं तर इथे तग धरायचा, असा माझा बेत होता. माती तपासली, विहीर तपासली, सहा महिन्यांचा तांदूळ भरला. शेजारी तेवढे तपासले नाहीत.

बायकोच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी चिखलात रुतली. हाकेसरशी शेजारचे चौघे धावले, तिला चादरीच्या झोळीत घेतलं. पायवाटेने सडक पाच मिनिटांवर. पण आधी तार तोडायला हवी. माझ्याकडे पाच टॉर्च होते, पक्कड सापडेना. ती सडकेपर्यंत पोचलीच नाही.

दहाव्याला शेजारचा म्हातारा म्हणाला, "शेठ, चोर तर कदी आलाच नाय. तुमी अडवलंत कुनाला?"